बिराजदार मॅडमचा चौथा रकाना

बिराजदार मॅडम थेंब कानडीत मोजायच्या. शिकवायच्या मराठीत, रसायनांची नावं घ्यायच्या इंग्रजीत; पण ब्युरेटची तोटी जराशी फिरवली आणि रेघा आखलेल्या त्या लांब काचनळीतून थेंब पडायला लागला, की तोंडातल्या तोंडात ‘ओंदू, एरडू, मूरू’ सुरू व्हायचं. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. या दोन्ही गोष्टी आठ वर्षांत त्यांनी मला एकदाच सांगितल्या होत्या, त्याही टाइमटेबल लावता लावता.

आमची शाळा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे. खिडक्या उघड्या असल्या की मागांचा खडखडाट थेट वर्गात यायचा. मुलं बहुतेक टॉवेल-चादरी विणणाऱ्यांची. घरी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, शाळेत मराठी. अकरावी-बारावी सायन्सची एकेक तुकडी. त्यांना केमिस्ट्री शिकवायला मॅडम होत्या. मी संगणक शिकवायचो. कंत्राटी, दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर त्या वर्षापुरता मास्तर.

मॅडम बुटक्या होत्या. ॲप्रनला खिशापाशी ॲसिडनं पडलेलं भोक, आणि उजव्या हाताच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. हे डाग आठ-आठ दिवस जात नाहीत. शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीच्या लग्नात त्या तसल्या हातांनी अक्षता टाकत होत्या, आणि शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं, ते मी पाहिलं होतं. मॅडमनीही पाहिलं असणार. त्यांनी हात लपवला नाही.

त्यांचे दोन शब्द सगळ्या शाळेला पाठ होते. ‘नक्की का?’ मुलानं उत्तर दिलं की त्या मान तिरकी करून एवढंच विचारायच्या. बरोबर उत्तरालाही विचारायच्या, चूक उत्तरालाही. त्यामुळे आपलं बरोबर आहे की चूक हे त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही, आणि पोरं चिडायची. एकदा एका मुलीनं रडवेल्या आवाजात विचारलं, “मॅडम, तुमी सांगा की एकदा, बरोबर हाय का न्हाय!” मॅडम म्हणाल्या, “मी सांगून काय उपयोग? मी काय जन्मभर तुझ्या मागं उभी राहणार हाय का?”

लॉकडाऊननंतर शाळा पुन्हा भरू लागल्या, त्या वर्षीची गोष्ट. बारावीची प्रॅक्टिकलची जर्नलं सहीसाठी मॅडमच्या टेबलावर आली. साठ वह्या. प्रत्येक वहीत ब्युरेटचं रीडिंग एकच, दहा पूर्णांक दोन. पुढच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी कुणाला न सांगता द्रावणात पाणी वाढवून ठेवलं. खरं रीडिंग आता सातच्या आसपास यायला हवं होतं. साठांपैकी त्रेपन्न मुलांनी पुन्हा दहा पूर्णांक दोनच लिहिलं, कारण गाइडात तेच छापलेलं होतं. मॅडमनी फळ्यावर ‘५३’ एवढा एक आकडा काढला आणि त्या खुर्चीत बसल्या. मग त्या म्हणाल्या, “डोळ्यांनी सात दिसतंय, आणि हात दहा लिहितोय. पुढं औषधाच्या कंपनीत कामाला लागलात तर माणसं माराल की रे तुम्ही.”

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्या संगणक कक्षात आल्या.

“गायकवाड सर, ब्लॉग म्हणजे काय असतं?”

मी सांगितलं. लिहायचं, फोटो टाकायचे, कुणालाही वाचता येतं, खाली तारीख आपोआप पडते.

“तारीख आपोआप पडते?”

“व्हय. वेळसुद्धा.”

हे त्यांना फार आवडलं. वहीची त्यांना चीड होती. परीक्षा झाली की सगळी जर्नलं रद्दीत जायची आणि त्यातली दोन-चार पुढच्या वर्षीच्या पोरांना नकलायला मिळायची. ऑनलाइन शाळेमुळे निम्म्या घरांत आता मोबाईल आला होता. चार-चार जणांचे गट करायचे, प्रत्येक गटानं आपला प्रयोग झाला की तो ब्लॉगवर टाकायचा, फोटोसकट, असं त्यांनी ठरवलं.

आम्ही तीन संध्याकाळी बसून तो तयार केला. मला रंग, चित्रं, शाळेचं बोधचिन्ह घालायचं होतं. मॅडमना फक्त चार रकाने हवे होते. साहित्य, कृती, निरीक्षण. आणि चौथा, ‘काय चुकलं?’

“मॅडम, बोर्डाच्या जर्नलात असा रकाना नसतो.”

“म्हणून तर घालायचा. आणि तो रिकामा सोडायचा नाही. काहीच चुकलं नाही असा प्रयोग मी अजून पाहिलेला नाही.”

शेवटी त्यांनी विचारलं, “लिहिलेलं पुसता येतं का?”

“येतं की. एक बटण आहे.”

“मग ते बटण तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला देऊ नका.”

मी मुलांना फक्त लिहिण्यापुरता प्रवेश दिला आणि पुसण्याचा अधिकार आम्हा दोघांकडे ठेवला.

पहिला महिना चौथ्या रकान्यात ‘काही नाही’ असंच यायचं. मॅडम ते परत पाठवायच्या. मग हळूहळू पोरं लिहायला लागली. ‘सलमाला शिंक आली आणि तोटी जास्त फिरली.’ ‘आम्ही रंग बदलायची वाट बघता बघता गप्पा मारत होतो, रंग बदलून गेला.’ ‘मी रीडिंग न बघता सांगितलं, नंतर बघितलं तर वेगळं होतं, ते लिहिलंय.’ मॅडम हे वाचून दाखवताना हसायच्या. एरवी त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं.

यांत सगळ्यांत नेटकं लिहायची ती लावण्या. वडील मागावर, आई टॉवेलची शिलाई करायची. ही मुलगी एक वाक्य वाया घालवत नसे. जानेवारीत तिच्या गटाच्या नोंदीत चौथ्या रकान्यात आलं: ‘प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही. पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. ॲसिड सांडलं असतं तर बाटली पुरली नसती.’

पाण्याचं असं होतं, की सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही याची सवय आम्हाला सगळ्यांनाच आहे. पण इथली अडचण वेगळी होती. शाळा बंद असलेल्या काळात टाकीपासून प्रयोगशाळेकडे येणारा पाइप फुटला होता आणि तो कुणी बदललाच नव्हता. शिवाप्पा मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. ते रोज सकाळी बोअरवरून दोन बादल्या आणून ठेवायचे. मॅडमनी पाइपसाठी तीन अर्ज दिले, डोळ्यांवर लावायच्या चष्म्यांसाठी एक. ऑफिसात अर्ज घेतले गेले, आवक नंबर मात्र एकावरही पडला नाही. मॅडमनी पोच मागितली तर क्लार्क म्हणाला, “मॅडम, आपल्याच शाळेत पोच काय मागताव?”

लावण्याच्या नोंदीनंतर इतर गटांनीही पाण्याचं लिहिलं. महिनाभरात अशा सहा नोंदी झाल्या, प्रत्येकीखाली तारीख आणि वेळ.

फेब्रुवारीत बोर्डाच्या प्रॅक्टिकलला आठ दिवस उरले असताना तो अपघात झाला.

त्या दिवशी शिवाप्पा मामा भाचीच्या लग्नाला रजेवर होते. एक बादली रिकामी, दुसरीच्या तळाला तांब्याभर पाणी. मॅडमनी ते पाहिलं. दुसऱ्या शिपायाला बोअरवर पाठवलं. तो म्हणाला, आलोच पाच मिनिटांत. मुलं ॲप्रन घालून उभी होती, पुढच्या तासाला प्रयोगशाळा अकरावीला द्यायची होती. मॅडम म्हणाल्या, सुरू करा.

मीठ, म्हणजे दिलेला क्षार, ओळखायचा प्रयोग. अमोनियम आहे का बघायला ते मीठ सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर परीक्षानळीत तापवतात आणि येणारा वास बघतात. एका मुलीनं नळीचा तळच ज्योतीवर धरून ठेवला, नळी हलवली नाही. आतलं उकळतं द्रावण एकदम उसळून बाहेर आलं. समोर लावण्या मोबाईल घेऊन वाकली होती. तिला ब्लॉगसाठी फोटो हवा होता.

किंकाळी मी संगणक कक्षात ऐकली. पळत गेलो तेव्हा मॅडम तिला मांडीवर आडवी घेऊन, हातानं पापणी उघडी धरून, तांब्यातलं पाणी ओतत होत्या. ते संपलं. “पाणी! पाणी आणा रे!” त्या कानडीत-मराठीत ओरडत होत्या. मुली आपल्या बाटल्या ओतत होत्या. मी स्टाफरूममधला माठ उचलून आणला. तोही अर्धाच होता. डोळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडसारखं अल्कली गेलं तर वीस-वीस मिनिटं सतत पाणी मारावं लागतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मॅडमना ते आधीपासून माहीत होतं. शिपाई बादली घेऊन आला तेव्हा लावण्याला रिक्षात घातलं होतं.

उजवा डोळा गेला. डाव्याला अंधूक दिसायचं.

दवाखान्यात मॅडम दोन दिवस बाकावर बसून होत्या. लावण्याच्या वडिलांनी त्यांना पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं, दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मॅडम, तुमी जावा.” तिसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या, थेट संगणक कक्षात. संगणक लावला आणि एका बोटानं टाइप करत बसल्या. मी मागे उभा राहून वाचत होतो.

‘प्रयोग: अमोनियमची परीक्षा.
काय चुकलं?
बादलीत पाणी नव्हतं. ते मी पाहिलं होतं. तरी मी सुरू करा म्हणाले.
नळीचं तोंड माणसाकडे धरू नये हे मी शिकवलं होतं. फोटो काढणाऱ्यानं कुठं उभं राहावं हे शिकवलं नव्हतं.
मोबाईल आणायची परवानगी मी दिली होती.’

खाली स्वतःचं पूर्ण नाव.

“मॅडम, हे टाकू नका,” मी म्हणालो. “सगळं तुमच्यावर शेकंल.”

“यातलं खोटं काय आहे?”

“खोटं नाही, पण पाइपचं कुठं आहे यात? अर्जांचं कुठं आहे?”

“ते पोरांनी लिहिलंय की. सहा वेळा. हे माझं आहे.” आणि त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. संस्थेचे लोक सकाळीच येऊन गेले होते.

“सर, चौकशी येतीय. ब्लॉगवर पाण्याबद्दल काय काय लिहिलंय म्हणे पोरांनी. तेवढं काढून टाका.”

मी म्हणालो, “मॅडमना विचारतो.”

“मॅडमना कशाला? अधिकार तुमच्याकडं पण आहेत ना?” मग जरा थांबून, कागद सारखे करत, “तुमची जूनची ऑर्डर मीच पाठवतो संस्थेकडं. दर वर्षी पाठवतो. हो ना?”

“आणि मॅडमनी स्वतः लिहिलेली नोंद?”

“ती राहू दे,” ते म्हणाले.

मी संगणक कक्षात गेलो. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, घरात एकटा कमावणारा मी. हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलं, पुढेही कितीदा सांगितलं. सहा नोंदी होत्या. प्रत्येक वेळी संगणकानं विचारलं, ही नोंद कायमची पुसायची का? प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. लावण्याची नोंद सगळ्यांत शेवटी पुसली. मॅडमची एकटी नोंद पानावर उरली, आणि त्यावरून असं दिसू लागलं, की या शाळेत सगळं ठीक होतं आणि एका बाईच्या हलगर्जीपणानं एका मुलीचा डोळा गेला.

चौकशीला तिघं अधिकारी आले होते. लायब्ररीत टेबल लावलं होतं. पाइप तोपर्यंत बदलून झाला होता. नळ सोडला की धो धो पाणी यायचं. मॅडमनी एकही गोष्ट नाकारली नाही. पाणी नव्हतं हे ठाऊक होतं का? होतं. मोबाईलची परवानगी? मी दिली. मग त्या म्हणाल्या, “पण पाणी त्या एका दिवशी नव्हतं असं नाही. दीड वर्ष नव्हतं. मी अर्ज दिलेत.”

मुख्याध्यापक म्हणाले, “आवक रजिस्टरला एकही अर्ज नाही.”

“मुलांनी ब्लॉगवर लिहिलंय. तारखेसकट.” टेबलावरच्या संगणकावर ब्लॉग आधीच उघडून ठेवला होता. त्यांनी पान खाली सरकवलं, पुन्हा वर घेतलं. काळी बोटं माऊसवर थांबली. मग त्या म्हणाल्या, “इथं होत्या. गायकवाड सरांना विचारा. ब्लॉग त्यांनीच तयार केलाय.”

तिघांपैकी एकानं मला विचारलं, “पाण्याबद्दल अशा नोंदी होत्या का?”

“माझ्या पाहण्यात नाहीत,” मी म्हणालो.

मॅडमनी मान तिरकी केली.

“नक्की का, सर?”

“नक्की.”

एका अधिकाऱ्यानं सुचवलं, मुलांना बोलावून विचारू. मॅडमनीच नको म्हटलं. “पोरांना मधे आणू नका. त्यांचे प्रॅक्टिकलचे मार्क शाळेच्या हातात आहेत.” त्यांच्या बाजूनं बोलू शकणारं जे काही उरलं होतं, तेही त्यांनी तिथं स्वतःच सोडून दिलं.

आधी निलंबन झालं. मग त्यांनी राजीनामा दिला. जायच्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी सगळ्या बाटल्यांवरच्या फिकट झालेल्या चिठ्ठ्या नव्यानं लिहून चिकटवल्या. चार तास लागले. शिवाप्पा मामा बाटल्या पुसून देत होते आणि मधेमधे डोळे टिपत होते. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

पुढचं मला मामांकडून कळत गेलं. मॅडम लावण्याच्या घरी जायच्या. डोळ्यांमुळे तिला वाचता येत नव्हतं, मॅडमना तिला पुस्तकं वाचून दाखवायची होती. एकदा मामाही बरोबर गेले होते. वडील दारात उभे राहिले.

“मी आत येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “हितं पायरीवर बसून वाचते. तिला आतून ऐकू येईल.”

“मॅडम, माझी पोरगी लिहिता लिहिता तुमचं नाव घ्यायची,” ते म्हणाले. “मॅडम अशा, मॅडम तशा. आता घरात तुमचं नाव निघत न्हाय. तुमी येऊ नका. हात जोडतो.” त्यांनी खरंच हात जोडले. आतून लावण्याचा आवाज आला नाही. ती घरातच होती, मामांना तिच्या चपला दिसल्या होत्या.

मॅडम त्यानंतरही गेल्या. दार उघडलं नाही. लावण्यानं एक वर्ष घरी काढून आर्ट्सला प्रवेश घेतला.

माझी ऑर्डर जूनमध्ये निघाली. पुढच्या वर्षीही निघाली. ब्लॉग संस्थेनं बंद करायला सांगितला, मी बंद केला.

मॅडमची आणि माझी शेवटची भेट दोन वर्षांनी झाली, एमआयडीसीतच. टॉवेलच्या कापडाला रंग देणाऱ्या एका युनिटच्या फाटकातून त्या बाहेर येत होत्या. तिथं रंग पक्का आहे की नाही हे तपासायच्या कामाला लागल्या होत्या. सुट्टीचा दिवस होता, त्या फक्त नमुने काढायला आल्या होत्या. सगळे माग बंद. इतकी शांतता त्या भागात मी कधी ऐकली नव्हती. केस बरेच पांढरे झाले होते. बोटांवर काळ्याऐवजी आता निळे-लाल डाग होते.

मी गाडी बाजूला लावली. काय बोलायचं हे दोन वर्षं मनात घोळवलं होतं, ते सगळं एका दमात सांगितलं. मुख्याध्यापक, दार लावलेली खोली, सहा नोंदी, मुलगी लहान होती, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर मी हात जोडले.

“हात खाली घ्या, सर,” त्या म्हणाल्या. “मला माहीत होतं. बटण दोघांकडंच होतं की.”

“मॅडम, मला माफ…”

“मला सांगून काय होणार आहे? मला ठाऊक असलेलंच तुम्ही मला सांगताय.” आवाज चढलेला नव्हता. “लावण्याच्या वडिलांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं, शाळेत पाणी होतं आणि मी दिलं नाही. त्यांच्या पोरीनं आधीच लिहून ठेवलं होतं, बाटली पुरणार नाही म्हणून, हेसुद्धा त्यांना माहीत नाही. ती सांगायला गेली तरी दाखवणार काय? तुम्ही पुसलंत ते.”

मी गाडीची किल्ली काढून घेतली.

“माझी चूक आहे ती माझ्याकडंच राहू दे. ती मी कमी करायला सांगत नाही. पण तुमची आणि शाळेची त्यांना कळू दे.” त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. “घर मागच्याच गल्लीत आहे. आज सुट्टी आहे, ते घरी असतील. चला.”

“आत्ता?”

“आत्ता. मी दारापर्यंत येते. पुढं तुम्ही एकट्यानं जा.”

त्या चालायला लागल्या. मी येतो का नाही हे बघायला वळल्याही नाहीत. बंद युनिटांची शटरं दोन्ही बाजूंना, मधून तो कच्चा रस्ता, आणि त्यावरून पुढे जाणारी त्यांची ती बुटकी आकृती. मी गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो. चार पावलं टाकली असती तर त्यांना गाठलं असतं.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. माझ्याकडे पाठ करून, मान जरा खाली घालून, बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एकट्याच गल्लीत वळल्या.